मीटरमधले आकडे

माझे नाव वर नोंदल्याप्रमाणे, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (महाविद्यालयात ग्रंथपाल), राहणार धाकट्या बहिणीच्या घरी, वरचा मजला. समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी व माझी बहीण, वय ४२, लहानपणापासून मधुमेही असून दोघी इन्शुलिनवर आहोत. शाळेत असल्यापासून रोज सकाळी सात वाजता मी तिला सुई टोचते व ती मला. साखर तपासण्याचे मीटर दोघींत एकच आहे.

गेल्या महिन्याच्या तीन तारखेला आम्ही दोघी स्टेम सेलचे उपचार करणाऱ्या एका दवाखान्यात गेलो. पोटाची चरबी काढून तिच्यातील पेशी सलाइनमधून परत सोडतो, मग इन्शुलिन लागत नाही, असे तेथील डॉक्टरने सांगितले. माझ्या किडन्या कमजोर असल्याने मला नकार दिला. बहिणीला घेतले. येताना बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही.

दहा तारखेला उपचार झाले. सोळा तारखेला डॉक्टरने फोनवरून इन्शुलिन पूर्ण बंद करण्यास सांगितले. सतराला सात वाजता ती टेबलाशी आली नाही. आतूनच म्हणाली, "ताई, आता तुझी तूच टोचून घे. मी सुटले बाई!"

अठराला नाश्त्याच्या वेळी तिने साखर एकशे तीस सांगितली. मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "एकदा माझ्यासमोर तपास." ती म्हणाली, "बघवत नाही ना ताई तुला?" मेहुणे हसले. मीही हसले.

ती उठून गेल्यावर मी मीटर पाहिले. त्यात जुने आकडे साठून राहतात, हे तिच्या ध्यानात नव्हते. माझे आकडे वगळता तिचा आदल्या संध्याकाळचा आकडा ३१८, त्या सकाळचा ४०२ होता. मीटर जागेवर ठेवून मी कामावर गेले.

कोणाला सांगितले का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. सांगितले तर पुन्हा तेच ऐकावे लागेल, असे मी मनाशी म्हटले. ते खरे आहे. आकडे पाहून मला बरे वाटले, हेही खरे आहे.

एकोणीसला सकाळी ती ओकत होती. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. लहानपणी एकदा साखर फार चढली तेव्हा तिच्या श्वासाला असाच वास आला होता, तेव्हा मीच आईला हाक मारली होती. मी मेहुण्यांना उठवून गाडी काढायला लावली. गाडीत तिने सुईसाठी आपला दंड माझ्यापुढे धरला व विचारले, "सात वाजले का गं, ताई?" सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. त्यानंतर ती बोललेली नाही. सध्या अतिदक्षता विभागात आहे.

माझी त्या डॉक्टरविरुद्ध तक्रार आहे. मीटरचा मजकूर तक्रारीला लागत नाही, असे हवालदार म्हणाले. माझ्या आग्रहावरून तो ठेवला आहे.

जबाब मला वाचून दाखवला. "मीटर सहज पाहिले" असे लिहिले गेले होते. त्यातील "सहज" माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.