सारख्या लांबीच्या दोन काठ्या

न्गाऊ : वारा पाठीवर घेऊन चालतोयस. तुझ्याआधी तुझा वास पोचतो.

लेजेंग : घड्याळाची बॅटरी आठ टक्के.

न्गाऊ : यंदा माझी दोन्ही शिकारी कुत्री मेली.

लेजेंग : मीरी शहरात ही फुंकनळी कुणी बघितली, तर पडदा लावायला घेईल.

(भर दुपार. बाराम नदीच्या वरच्या अंगाचं जंगल. म्हाताऱ्या न्गाऊकडे बाण मारायची लांब फुंकनळी, पुतण्या लेजेंगकडे नवी बंदूक. सकाळी गोळी लागलेलं डुक्कर अजून हाती आलेलं नाही.)

न्गाऊ : हसून घे. मी माग काढत पुढे गेलो, तुला ओढ्याशी खूण ठेवली. इतका वेळ होतास कुठे?

लेजेंग : खुणेनंच गेलो ना काका! घड्याळातला नकाशा झाडांखाली आंधळा झाला. मग टेकाडाच्या पायथ्याशी रोवलेल्या काठ्या दिसल्या, वर दुमडलेलं पान. ‘मी पुढे, मागून ये.’ टेकाडावर चढलो, तर कुणी नाही. नुसता एक ओंडका, दोघं बसतील एवढा.

न्गाऊ : काठ्या किती?

लेजेंग : दोन. सारख्या लांबीच्या.

न्गाऊ : तुझी एकच होती. ओढ्याशी.

लेजेंग : मग त्या कुणासाठी? पान तर आजचं होतं.

न्गाऊ : हे बघ, तीनच खूर उमटलेत. मागचा उजवा पाय टेकत नाही. पाण्याकडे वळलंय.

लेजेंग : काका, कुणासाठी?

न्गाऊ : सारख्या दोन काठ्या म्हणजे एका मनाचे दोघं. त्यानं तुला शिकवलं नाही?

लेजेंग : बाबांनी?

न्गाऊ : हळू. गेलेल्याला असं हाकारू नये. चाळीस वर्षं मी पुढे, तो मागून. हाताला सवय आहे. पान सुकलं की बदलतो.

लेजेंग : या खुणेचं मला कळवायचं तरी.

न्गाऊ : कळवायचं? तो अंथरुणाला खिळला, तेव्हा दीड दिवस चालून रस्त्यावरच्या दुकानात गेलो. तिथून तुला फोन लावला. चार वेळा. नंतर तू म्हणालास, लाकडाच्या कामावर होतो, रेंज नव्हती. असेल. मला काय कळतं त्यातलं.

लेजेंग : घड्याळ बंद पडलं. बॅटरी संपली.

न्गाऊ : बरं झालं. रक्त ओलं आहे, लांब गेलेलं नाही. जनावर दिवसभर कण्हत ठेवू नये. आता तू पुढे हो. हा उतार माझ्या गुडघ्याला जमायचा नाही, मी सावकाश मागून येतो. वळणावर खूण ठेव.

लेजेंग : किती काठ्या?

न्गाऊ : तुझं तू ठरव.

लेजेंग : काका.

न्गाऊ : हं.

लेजेंग : ते चार फोन आले, त्या दिवशी माझ्या फोनला पूर्ण रेंज होती.