ट्रकच्या वहीतली नोंद

बाई – आजोबा, मी तीनदा बघितलं. पदकं, सन्मान, शिफारशी, हा पूर्ण रकाना कोरा आहे.

बाबा – कोराच असणार. तो कोरा ठेवणारा माणूस तुमच्या खिडकीसमोर उभा आहे. ते अख्खं रजिस्टर माझ्या हातचं आहे, बाई. अक्षर बघा. एक खाडाखोड सापडली तर सांगा.

मुलगी – बाबा, अक्षराचं कौतुक करून घ्यायला आलोय का आपण?

बाई – म्हणजे लष्करात या कंपनीचे कारकून तुम्हीच?

बाबा – नऊ वर्षं. एकशे बारा माणसं. कुणाची रजा, कुणाची बढती, कुणाच्या चष्म्याचा नंबर, कुणाचं पदक, सगळं या हातांनी लिहिलं. एकाचीही नोंद राहिली नाही. म्हणजे, एकाची राहिली. तो मी.

बाई – मग स्वतःची का नाही लिहिलीत?

बाबा – नियम होता ना. कारकुनानं स्वतःची नोंद स्वतःच्या हातानं करायची नाही. दुसऱ्याकडून लिहून घ्यायची.

बाई – बावीस वर्षं झाली मला या अभिलेख कार्यालयात. असा नियम कधी वाचला नाही.

बाबा – कसा वाचाल? फक्त आमच्या कंपनीत होता.

मुलगी – यांनीच केला होता.

बाबा – माझ्या आधीच्या कारकुनानं एका वर्षात स्वतःला चार वेळा लग्नाची रजा दिली होती. मी आल्या आल्या नियम टाइप केला, मेजरसाहेबांची सही घेतली आणि टेबलामागे भिंतीवर डकवला. काय रुबाब होता तेव्हा माझा! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही तीन प्रतींत.

बाई – बरं. अर्जात पुरावा म्हणून तुम्ही लिहिलंय, 'ट्रकची नोंदवही'. आमच्या साहेबांना वाटलं, लिहिताना काहीतरी चुकलं.

मुलगी – अर्ज मी लिहिलाय. हे सांगत होते, मी लिहीत होते. मी पण विचारलं, बाबा, ट्रकची? म्हणाले, लिही मुकाट्यानं.

बाई – ते दिसतंच आहे. खाली 'लिहून देणाऱ्याचा शेरा' म्हणून चौकट आहे, ती रिकामी सोडलीय तुम्ही. ती भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. आणि आजोबा, तुम्ही सहा आठवड्यांपूर्वी अर्ज केलात. घटना एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. इतकी वर्षं काय करत होतात?

बाबा – जरा कामात होतो.

मुलगी – बाबा.

बाबा – अगं, मग काय सांगू? खरं सांगितलं तर बाई मला हाकलून देतील.

बाई – सांगा तर. मागे रांग नाही आज.

बाबा – ज्या दिवशी आमच्या छावणीवर गोळे पडले, त्या दिवशी सगळे पुलाकडे पळाले. मी पण पळालो. सगळ्यांत पुढे होतो, खोटं का बोलू. अर्ध्या वाटेत आठवलं, रजिस्टरांची पेटी मागे राहिली. एकशे बारा माणसांच्या रजा! मला घामच फुटला. म्हणून परत गेलो.

बाई – रजिस्टरांसाठी?

बाबा – रजिस्टरांसाठी. मला शूर समजू नका. तिथे पोचलो तर पेटी हलेना, भलतीच जड. आणि शेजारी आपली पोरं पडलेली, जखमी. पेटी उचलत नव्हती, म्हणून माणसं उचलली. दोन-तीन असतील. ड्रायव्हर ट्रक घेऊन आला होता, त्याच्या ट्रकमध्ये नेऊन ठेवली. बस्स. आमच्या मेजरसाहेबांना कुठून बुद्धी झाली, म्हणाले, या दोघांना पदक. संध्याकाळी पेटी परत मिळाली, आणि ड्रायव्हरची नोंद मी त्याच दिवशी लिहिली. त्याला पदक मिळालं, वाजतगाजत मिळालं.

बाई – आणि तुमची?

बाबा – माझी कोण लिहिणार? लिहिता येणारे दवाखान्यात, साहेब दुसऱ्या दिवशी बदलीवर. उरला ड्रायव्हर. त्याला मीच अक्षरं शिकवली होती, तिशीचा असताना. रोज संध्याकाळी बॉनेटवर पाटी ठेवून. त्याला म्हटलं, माझ्या नावापुढे एवढं लिहून टाक. दुसऱ्या दिवशी म्हणाला, लिहिलं. मी तपासलं नाही. नऊ वर्षांत एवढाच कागद मी तपासला नाही.

मुलगी – पुढचं सांगा. तुम्हाला कधी कळलं ते.

बाबा – दोन वर्षांनी. नोकरी सोडताना माझं पान उघडलं, तर हा कोरा रकाना. त्याच्याकडे गेलो. तो कसा खुशीत! म्हणाला, 'तुझं ते रजिस्टर मला भीती घालतं रे, तेरा रकाने आहेत. मी आपल्या गाडीच्या वहीत लिहिलं. ती मला येते. त्यात लिहिलेलं कुणी खोडत नाही.'

बाई – अरे देवा.

बाबा – आता त्याला काय सांगू, की गाडीच्या वह्या पाच वर्षांनी जाळतात? दुसऱ्या माणसासाठी त्यानं जन्मात पहिल्यांदा काही लिहिलं होतं. गावभर सांगत होता, 'कारकुनाची नोंद मी केली.' मी म्हटलं, छान केलंस. सहा महिन्यांनी त्यानं विचारलं, पदक आलं का? माझ्या तोंडून निघून गेलं, आलं. भिंतीवर लावलंय.

बाई – आणि भिंतीवर काय आहे?

मुलगी – कॅलेंडर.

बाबा – अडतीस कॅलेंडरं बदलली, बाई. थाप एकच.

मुलगी – आता ड्रायव्हरकाका शनिवारी येताहेत. म्हणजे परवा. ऐंशी ओलांडलीय, गुडघे गेलेत, तरी मुलाच्या मागे लागून येताहेत. दोघांनी पदकं लावून फोटो काढायचाय म्हणे.

बाबा – मुलगा गाडी चालवणार आणि हा शेजारी बसून पायानं ब्रेक दाबणार. चार तास. त्या मुलाची मला दया येते.

बाई – म्हणून हा अर्ज.

मुलगी – अर्ज काय, काल रात्री यांनी माझं शाळेतलं पदक शोधून काढलं. शंभर मीटर धावणे, तिसरा क्रमांक. पेस्ट लावून घासत बसले होते. मी पकडलं.

बाबा – लांबून चांगलं दिसत होतं.

मुलगी – त्यावर वेणी घातलेली मुलगी पळतेय, बाबा!

बाबा – मी म्हणणार होतो, आमच्या काळी असंच यायचं.

बाई – आजोबा, हसू नये, पण... थांबा. मला पाणी पिऊ द्या.

बाबा – हसा हो. मी घरी आरशासमोर हसून आलोय. फक्त त्याच्यासमोर तोंडघशी पडायचं नाही. म्हणजे, मी पडलो तर चालेल, त्याची सवय आहे. तो पडता कामा नये. आपण चुकीच्या वहीत लिहिलं, हे त्याला या वयात कळलं, तर तो जेवणार नाही, बाई. मी ओळखतो त्याला.

बाई – आता माझं ऐका. पदक परवापर्यंत मिळणार नाही. समिती तीन महिन्यांनी बसते. आणि समितीला लेखी पुरावा लागतो, त्याच काळातला. तुमची आठवण चालणार नाही.

बाबा – ठाऊक आहे. मीच लोकांना असं सांगून परत पाठवायचो. चल गं. झाली हौस.

बाई – कुठे निघालात? माझं संपलं नाही. ट्रकचा नंबर आठवतो?

बाबा – शेवटचे आकडे चार-सात-एक. आठवायचं काय त्यात? सगळ्या छावणीत तो एकच ट्रक ढकलल्याशिवाय सुरू व्हायचा नाही.

बाई – त्या दिवशी त्याचं काही नुकसान झालं होतं?

बाबा – काच फुटली, टायर गेला, मागची फळी उडाली. पुढे आठ महिने चौकशी चालली त्याची, सरकारी वाहनाचं नुकसान का केलं म्हणून. ड्रायव्हरला पदक एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं नोटीस.

बाई – मग बसा त्या बाकावर. गाडीच्या वह्या जाळतात, खरंय. पण चौकशीला जोडलेला कागद आम्ही जाळत नाही. कधीच नाही.

(बाई तळघरातल्या कपाटांकडे जाते. पाऊण तासानं परत येते, तेव्हा तिच्या कोपरापर्यंत धूळ आहे आणि हातात तेलकट पुठ्ठ्याची एक वही.)

बाबा – हीच. हा डाग बघ, ग्रीसचा. हा त्याचा अंगठा.

बाई – हात लावू नका. तुम्ही अर्जदार आहात, पुरावा तुमच्या हातात देता येत नाही. मी वाचते.

बाबा – बरोबर आहे. मीही दिला नसता.

बाई – अक्षर मोठं आहे, ओळ चढत गेलीय. 'गाडी सकाळी सहाला निघाली. ढकलून. पुलापर्यंत दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत चार माणसं. दुसऱ्या फेरीत तीन. पुढचा डावा टायर गेला, बदलला. काच गेली, बदलली नाही.'

मुलगी – चार आणि तीन?

बाई – 'सातही जण कारकुनानं पाठीवर आणले. त्याचा चष्मा पडला होता. दोनदा गाडीवर आपटला. मी म्हटलं आता पुरे. ऐकलं नाही.'

मुलगी – बाबा, सात? तुम्ही तर दोन-तीन म्हणता. मघाशीसुद्धा दोन-तीन म्हणालात.

बाबा – मोजायला चष्मा कुठे होता?

मुलगी – नेहमी असं. नेहमी! आम्ही लहानपणापासून हसत आलो तुमच्या पेटीच्या गोष्टीवर. पाहुण्यांसमोर तुम्हाला सांगायला लावायचो. सात माणसं, बाबा.

बाबा – रडू नकोस गं. बाईंनी काय समजायचं? पेटीचं खरं आहे. पेटीसाठीच गेलो होतो. आणि भीती इतकी वाटत होती, की एकदा बसलो तर पुन्हा उठणार नाही हे कळत होतं. म्हणून बसलो नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे? पेटीत निदान हसायला तरी येतं.

बाई – अजून आहे.

बाबा – वाचा.

बाई – 'मेजरसाहेब म्हणाले, कारकुनाला पदक द्यावं. मी पण म्हणतो. हॉर्न वाजत नाही.' पुढे सही.

बाबा – हॉर्न कधीच वाजत नव्हता त्याचा.

बाई – आजोबा, पाणी देऊ?

बाबा – नको. एकदा परत वाचाल? हॉर्नच्या आधीचं.

बाई – 'मी पण म्हणतो.'

बाबा – त्याला मी इतकंच सांगितलं होतं की साहेब म्हणाले ते लिही. हे त्यानं मनानं घातलं. नियमात बसत नाही खरं तर. ड्रायव्हरला शिफारस करता येत नाही.

मुलगी – बाबा, आता तरी नियम राहू द्या.

बाई – या पानाची शिक्क्यासकट प्रत देते. अर्जाला मूळ वही जोडते. समिती काय म्हणेल ते मी आज सांगू शकत नाही. पण त्या टेबलावर मी असते, आणि ही वही मी वरच ठेवीन.

बाबा – शनिवारी ही प्रत त्याच्या हातात देतो. त्यालाच वाचायला लावतो. बोट ठेवून वाचतो तो, वेळ लागेल.

मुलगी – आणि पदक कुठे आहे विचारलं तर?

बाबा – सांगावं लागेल. की अडतीस वर्षं थाप मारली. शिव्या देईल. देऊ दे. पण तुझ्या वहीतली नोंद अजून जशीच्या तशी आहे, कुणी खोडली नाही, हेही सांगीन. पदक निघालंय म्हणीन, वाटेत आहे.

मुलगी – एक्केचाळीस वर्षं वाटेत?

बाबा – त्याच्याच ट्रकनं येतंय म्हणीन. त्याला पटेल.

बाई – हं, ती रिकामी चौकट. शेरा. आजोबा, हे पेन घ्या, काहीतरी दोन शब्द लिहून टाका, मी पुढे पाठवते.

बाबा – छे, छे. स्वतःच्या नोंदीत मी एक अक्षर घालणार नाही. एवढं सगळं झाल्यावर तर मुळीच नाही.

मुलगी – आणा इकडे. लिहून देणारी मी आहे... घ्या. झालं.

बाई – एवढंच?

मुलगी – एवढंच. 'मी पण म्हणते.'

बाबा – बाई, असा शेरा चालतो का हो तुमच्या नियमात?

बाई – नाही चालत. द्या, शिक्का मारते.