गोचिडाच्या पोटातली वस्ती

अहो, पण मला कोणी तरी सांगावं ना, की गोचिडाच्या पोटात वस्ती असते म्हणून! साठ वर्षं गुरांचे गोचीड वेचतोय, तुम्हाला सांगतो, रोज दुपारी मंजुळा, म्हणजे माझी गाय, मान लांब करून उभी राहायची, मी कानामागचा एकेक उपटून रॉकेलच्या डबीत टाकायचो, ती डोळे मिटायची... संपला विषय! वाघोलीत चारी बाजूंनी बिल्डिंगा, मधे माझा पत्र्याचा गोठा, त्यात ही एकच गाय. तिथे कॉलेजची निकिता आली, चिमटा नि बाटल्या घेऊन. "बाबा, गोचिडाच्या आत बॅक्टेरियांची अख्खी कम्युनिटी असते! काही गोचिडाला जगवतात, काही गाईला आजारी पाडतात. माझा रिसर्चच त्यावर आहे." म्हटलं, कर बाई. मला काय कळतंय, मी तिसरीत शाळा सोडलेला!

पण पोरगी उन्हात बसून वेचायची हो... आणि टपोरा गोचीड सापडला की काय तो आनंद! "वॉव बाबा, केवढा मोठाय!" एवढ्यानं खूश होते, तर आपलं काय जातंय? मी काय करावं? बारीक तेवढे वेचायचो, टपोरे ठेवायचो. तिच्यासाठी! पाहुणीला सायीचं दही राखावं तसे! मंजुळा मान लांब करायची, मी म्हणायचो, "थांब गं, गुरुवारी निकिता येतेय."

तिसऱ्या गुरुवारी मंजुळा उठलीच नाही. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, आत पांढरीफटक. "आजोबा, गोचीड ताप आहे. अंगात रक्त उरलं नाही. एवढे वाढू कसे दिलेत?" काय सांगणार... राखून ठेवले होते म्हणून?

शुक्रवारी गेली. निकिता ढसाढसा रडली. "बाबा, ठेवा असं मी कधी म्हटलं होतं?" नाही गं, तू नव्हतंस म्हटलं. मलाच... मला काय कळतंय!

परवा जाडजूड छापील वही घेऊन आली. वाचून दाखवली. तुम्हाला सांगतो, गोचिडाच्या पोटातल्या त्या न दिसणाऱ्या जिवांना नावं, तीसुद्धा दोन-दोन, आडनाव लावल्यासारखी! विचारलं, "आणि मंजुळा कुठाय?" तिनं हळूच बोट ठेवलं. "ही... गाय क्रमांक सात."

"नाव लिही की."

"बाबा, तसा फॉर्मॅट नसतो हो."

नसेल. एवढी मोठी वस्ती, जागा कुठून उरणार? पोरीचे डोळे पुन्हा भरून आले, म्हणून म्हटलं, "छान लिहिलंयस, बाई." आता छान असेल, नसेल... मला काय कळतंय!