नानाच्या कानातला बोळा

तुम्ही नानाला अर्धा बहिरा म्हणून हसता ना? मग हे ऐका.

चाळीसगावकडे विहिरीचं काम होतं. वर ट्रॅक्टरवर माझा कॉम्प्रेसर, खाली साठ फुटांवर नाना. कॉम्प्रेसरची दाबलेली हवा नळीतून खाली जाते आणि तिच्या जोरावर नानाच्या हातातला ब्रेकर खडक फोडतो. दुपारी मी मशीन बंद करून हाक मारली, "नाना, जेवायला ये!"

उत्तर नाही. वाकून पाहिलं, तर नाना कडेला टेकून बसलेला, मान छातीवर.

आदल्या दिवशीच तिथे सुरुंग उडवले होते. गॅस साचला असणार! त्याचा धाकटा भाऊ दिलीप दोर धरून उतरायलाच निघाला. मी त्याची कॉलर पकडली.

"सोड माले, मना भाऊ शे तो!"

"उतरलास तर दोघांना काढावं लागेल, गाढवा!"

मी दुसरी मोकळी नळी तळापर्यंत सोडली, मशीन सुरू केलं आणि हवा पूर्ण उघडली. विहिरीत धूळच धूळ. काही दिसेना. दिलीप काठावर पालथा पडून खाली डोकावत होता.

थोड्या वेळाने मशीन बंद केलं, तोच खालून आवाज आला, "कोन शे रे वर? जरा डोळा बी लागू देत नही!"

मशीनचा आवाज सोसत नाही म्हणून नाना दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबायचा. वर आल्यावर त्याने दिलीपचा चेहरा पाहिला. उजव्या कानातला बोळा काढला आणि फेकून दिला.

तेव्हापासून हाक ऐकू यावी म्हणून तो कान उघडा ठेवून काम केलं त्याने. आता त्याच कानाने त्याला काही ऐकू येत नाही.