झाकलेल्या खेळपट्टीवर पाणी सोडल्याबाबत

मला सगळे अण्णा म्हणतात. वय ७४ वर्षे, धंदा पूर्वी शिवणकाम, आता जवळचे दिसत नसल्याने बंद, लांबचे स्वच्छ दिसते. शिक्षण पाचवी. राहणार क्रिकेट मैदानाच्या मागील भिंतीस लागून शेवटचे घर, वरचा मजला. आज ठाण्यात समक्ष हजर होऊन, कोणी शिकवलेले नसताना सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, मुलगा, सून व नात असे राहतो. मुलगा त्याच मैदानावर रोजंदारीने गवत कापणे, रोलर फिरवणे ही कामे करतो. नात डावखुरी फिरकी टाकते. बुधवारी तेथे विभागाच्या मुलींच्या संघासाठी निवड चाचणीचा सामना होता. पुढच्या हंगामात नात वयात बसत नाही. तिला ही शेवटची संधी होती.

मंगळवारी दुपारी जेवण करून मी मागच्या खिडकीत बसलो होतो. मैदानावर कोणी नव्हते. डोक्यावरून टॉवेल घेतलेला एक इसम नळाला पाइप लावून आला. त्याने खेळपट्टीवरील कव्हरची कड उचलून पाइप आत सरकवला व कडेवर पुन्हा विटा ठेवल्या. बराच वेळ तो तिथेच पाठमोरा उभा होता. नंतर नळ बंद करून, पाइप गुंडाळून गेला. खेळपट्टीला पाणी देतात हे मला माहीत आहे, परंतु कव्हर न काढता कोण देतो, असे मनात आले. मी सुनेला तसे बोललो. ती म्हणाली, "अण्णा, तुम्हाला तर दूधवाल्याचाही संशय येतो." दूधवाल्याबाबत माझे म्हणणे वेगळे आहे, ते हवालदारांनी लिहून घेतले नाही.

बुधवारी सकाळी कव्हर काढले तेव्हा मधोमध चिखल होता. पाऊस झालेला नव्हता. मैदान चालवणाऱ्या संघटनेचे सेक्रेटरी म्हणाले, "कव्हर जुनं झालंय, दव उतरलं." सामना रद्द झाला. निवड समितीच्या अध्यक्षांनी उभ्या उभ्याच गेल्या हंगामाच्या कामगिरीवर संघ जाहीर केला. गेल्या हंगामात सेक्रेटरींची पुतणी सगळे सामने खेळली. माझी नात राखीव म्हणून पाण्याच्या बाटल्या नेत होती. पाठीवर नावे छापलेले टी-शर्ट तिथेच गाडीतून काढून वाटले.

मी सेक्रेटरींना म्हणालो, "पाणी सोडताना मी पाहिलंय." ते हसले. म्हणाले, "मग सांगा की आजोबा, कोण होतं ते. पोलिसांत जाऊन सांगा." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, रोलरपाशी उभ्या असलेल्या माझ्या मुलाकडे बघत होते.

घरी नात म्हणाली, "षटकारांचा मार खाल्ला असता तरी चाललं असतं हो आजोबा, चेंडू तर टाकला असता."

माझा संशय सेक्रेटरी, निवड समितीचे अध्यक्ष व मुलींचे कोच यांच्यावर आहे. अध्यक्षांचा उल्लेख गाळला की काय, अशी शंका आल्याने मी हे वाक्य पुन्हा वाचायला लावले. हवालदार म्हणाले, "अण्णा, कागदात डोकं घालू नका, उजेड अडतोय." उल्लेख होता.

त्या इसमाचे वर्णन विचारल्यावरून सांगतो की, चेहरा दिसला नाही. अंगाने किरकोळ. पाइप त्याने जमिनीवर न गुंडाळता तळहात व कोपर यांच्यावर घेऊन गुंडाळला आणि टोक मध्ये खोचले. दुकानात मी इलॅस्टिक तसे गुंडाळत असे. घरातही तसेच शिकवले आहे.

पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, मंगळवारी संध्याकाळी नात सामन्याचे बूट घासत होती. मुलगा तिला म्हणाला, "कशाला घासतेस, राहू दे." तो जेवला नाही. गुरुवारी त्याने घरी सांगितले की संघटनेने त्याला कायम केले. सुनेने चहा केला. नात म्हणाली, "चला बाबा, घरातलं एक तरी सिलेक्ट झालं." तो कप तसाच ठेवून बाहेर गेला.

इथे मी पाणी मागितले. दिले, ते प्यालो.

तो इसम माझा मुलगा होता. हे वाक्य लिहू नये अशी मी विनंती केली. ठाण्याचे साहेब म्हणाले, "बोललात ते लिहावं लागतं. नको असेल तर हा कागद आत्ताच फाडतो, तुम्ही घरी जा." मी उठलो नाही, राहू द्या म्हणालो.

त्याला हे काम कोणी सांगितले ते साहेबांनी त्यालाच विचारावे. मला तो सांगणार नाही. विचारताना नात समोर नसावी.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, यात संशय घेण्यासारखे काही नाही. जवळचे दिसत नसल्याने सही कुठे करायची ते हवालदारांनी बोट ठेवून दाखवले, तिथे केली.