दंतवैद्यांच्या गच्चीवरील लढाऊ विमानाबाबत

मी, सगळ्या गल्लीची आजी, वय कागदोपत्री एकाहत्तर, खरे मला माहीत नाही, धंदा पूर्वी शिवणकाम व हल्ली घरकाम, शिक्षण नाही, राहणार मैदानामागच्या गल्लीत तळमजल्यावर, आज ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असे की, मी वरील ठिकाणी पतीसह राहते. पती घड्याळे दुरुस्त करीत असत. तीन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात म्हणून दुकान बंद केले. घरात आम्ही दोघेच असतो.

टेबलावरचे विमान मला दाखवले. ते आमचेच आहे. जुन्या लढाईतल्या विमानाची हुबेहूब छोटी, रिमोटवर उडणारी प्रतिकृती, पंख दोन हात लांब, वजन किलोच्या आत. पंखांतून बाहेर आलेल्या चार बंदुका म्हणजे संपलेल्या बॉलपेनच्या कांड्या आहेत. आपल्या शिपायाने त्या उपटून शस्त्रे म्हणून वेगळ्या पाकिटात घातल्या आहेत. त्या परत चिकटवून मिळाव्यात.

मैदानालगत राहणाऱ्या दंतवैद्यांनी तक्रारीत लिहिले आहे की, थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्याने विमान उडवून त्यांच्या गच्चीवर पाडले, तरी त्याला मैदानावर कायमची बंदी करावी. पोलिसांचा कागद बघून पतीचा विमान उडवण्याचा पास रद्द करू, असे मैदानाचे व्यवस्थापकही म्हणाले आहेत. याबाबत माझे सांगणे असे की, विमान मी उडवत होते.

यावर हवालदारांनी पेन थांबवून विचारले, "आजी, तुम्ही?"

मी म्हटले, "का रे बाळा? चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं, त्याला हातपाय सगळे लागायचे. याला नुसते दोन अंगठे लागतात."

हवालदार हसले. हसणे लिहीत नाहीत, असे त्यांनी सांगितले.

गेले आठ महिने मीच उडवते. आधी ते उडवत. मग ते नाक खाजवेपर्यंत मी नुसता रिमोट धरायची. पुढे पुढे नाक खाजवणे लांबत गेले. मैदानावरच्या लोकांना वाटते तेच उडवतात, कारण ते मला खेटून उभे राहून मोठमोठ्याने सूचना देतात आणि विमान उतरले की शाबासकी घेतात. मीही कधी कुणाला काही सांगितले नाही. पती आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत, म्हणून हा भाग हळू लिहा, असे मी म्हटले. लिहिण्याला आवाज नसतो, असे हवालदार म्हणाले.

घटनेच्या दिवशी सकाळी पावणेसातला आम्ही मैदानावर पोहोचलो. पतीने सांगितले तसे मी पंखाचे दोन स्क्रू पिळले, पोटात बॅटरी बसवली. मग पंखांखाली एकेक बोट धरून विमान उचलले. नाक जरासे खाली झुकले तर ठीक, शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. नाक झुकले. त्यानंतर रिमोटमध्ये विमान निवडायचे असते. त्यात आमच्या सगळ्या विमानांची यादी आहे आणि प्रत्येकाची मांडणी, म्हणजे रिमोटच्या दांडीने काय कुठे हलावे ते, निराळी. मला अक्षर येत नाही, मी वरून दुसरे निवडते. आदल्या दिवशी यादीत सर्वांत वर एक नवीन नाव घातले गेले, त्यामुळे दुसरे होते ते तिसरे झाले आणि मी निवडले ते भलतेच. कोणी घातले, असे विचारल्यावरून सांगते की, मला सांगता येत नाही. घरात आम्ही दोघेच असतो.

उडवण्यापूर्वी कान तपासतात. कान म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी. दांडी उजवीकडे केली की उजवा कान वर जायला हवा. एकाने दांडी हलवायची, दुसऱ्याने विमानामागे उभे राहून बघायचे. मी दांडी हलवली. "बरोबर!" असा आवाज आला. त्या वेळी फिरायला आलेले दोन गृहस्थ तिथे थांबले होते आणि हे विमान लढाईत किती उंच जायचे याची माहिती त्यांना दिली जात होती. माहिती कोण देत होते, असे विचारल्यावरून सांगते की, माझे लक्ष रिमोटकडे होते.

सात वाजून पाच मिनिटांनी विमान उडाले. मी उजवीकडे वळवले, ते डावीकडे गेले. कान उलटे होते. पण विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे तसेही फिरते, त्याची अंगठ्यांना सवय असते. म्हणून मी मनात विमानाचे तोंडच फिरवले. जाताना उलटे, येताना सुलटे. नवऱ्याशी बोलताना हेच करत आले, त्यामुळे जड गेले नाही. हे वाक्य खोडा म्हटले, हवालदारांनी खोडले नाही.

चौथ्या फेरीला बॅटरी संपत आल्याची शिटी वाजली. त्यानंतर विमान दंतवैद्यांच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरींत जाऊन पडले. एक दोरी तुटली, एक चादर फाटली. चादर मी अशी रफू करून देईन की कुठे फाटली ते त्यांनाच सापडणार नाही. दंतवैद्य खालून गच्चीवर आले व त्यांनी ठाण्याला फोन केला. आम्हाला उद्देशून ते जे बोलले ते मी सांगत नाही. माझी एक दाढ त्यांच्याकडे अर्धी कोरून झाली आहे.

चूक माझी आहे. बंदी घालायची तर मला घाला.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. हळू वाचा म्हटले होते, पण त्यांचा हळू आवाजही कवायतीचा आहे. नाक खाजवण्यापर्यंत आले तेव्हा पती बाकावरून उठले. शेवट वाचून होईतो ते आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभे होते.

ते हवालदारांना म्हणाले, "एक शब्द चुकलाय. पडले नाही. उतरवले लिहा."

हवालदार म्हणाले, "आजोबा, उतरवले लिहिलं तर मुद्दाम केलं असं होईल. आजी अडकतील."

"मुद्दामच केलंय. मैदानात व्यायामाचा वर्ग चालू होता. वीस-पंचवीस माणसं सतरंज्यांवर पाय वर करून पडलेली. ही ते सांगायची नाही. उलट्या कानांचं विमान हिनं त्यांना टाळून रिकाम्या गच्चीत नेलं आणि नेमकं चादरीत उतरवलं. माझे हात धड होते तेव्हाही मला हे जमलं नसतं."

मी म्हटले, "तुम्ही बाहेर बसा बघू."

"तू गप्प बस गं जरा. हवालदार, नवीन नाव मी घातलं. कान बघितले नाहीत, गप्पा मारत होतो. तेही घ्या. आणि मैदानाचा पास हिच्या नावाने करा म्हणून लिहा. मी सोबतीचा माणूस."

त्यावरून पडले हा शब्द खोडून उतरवले असा केला व पतीचे म्हणणे जसेच्या तसे घेतले. त्याला जोडून माझे म्हणणे असे की, सोबतीच्या माणसाने यापुढे सूचना हळू आवाजात द्याव्यात. सोबतीच्या माणसास ही अट मंजूर नाही. एवढी अट सोडून बाकी सगळ्यावर आमचे एकमत आहे. सगळा मजकूर परत, या वेळी मोठ्याने, मी ऐकला. तो मी सांगितला तसाच आहे व बरोबर आहे.

खाडाखोडीच्या जागी व येथे, डाव्या हाताचा अंगठा.