शून्य वजनाची हळद

पुण्याहून आलेल्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टला चहा पाजावा, पण त्याचं ऐकू न्हाई. आमी ऐकलं. डोंगरकडा गावच्या एका हळद व्यापाऱ्यासाठी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करून राहिलो होतो, आन् कंपनीनं आमच्यावर हा प्रशांत नावाचा आर्किटेक्ट साहेब म्हणून बसवला.

मी म्हणलं, "पावतीचं ऑब्जेक्ट बनतानाच त्याला कन्स्ट्रक्टरमधून काटा देऊ. काट्याबिगर पावती बनायलाच नको."

"छे. आधी ऑब्जेक्ट बनवायचं, काटा मागून सेटरनं, म्हणजे वेगळी आज्ञा देऊन, जोडायचा. डिझाइन लवचिक राहतं."

"आन् सेटर बोलवायचा राहिला तर?"

"कुणीतरी बोलवेलच ना."

ते काम त्याच्याकडंच होतं, आन् तोच विसरला. वरून काटा नसला तर गुपचूप शून्य धरायची सोयही यानंच केलेली, कारण याला एरर दिसलेला आवडत न्हाई. व्यापाऱ्यासमोर हळदीनं गच्च भरलेली ट्रॉली काट्यावर चढली. पावती आली, वजन शून्य.

व्यापारी म्हणाले, "टायर दबून राहिले, साहेब. शून्य काहून?"

"डिझाइन बराबर आहे," प्रशांत म्हणाला. "फक्त काटा सेट करायचा राहिला."

व्यापाऱ्याचं काम तिथंच हातचं गेलं.

परतीला कळमनुरीच्या अलीकडं याची कार बंद पडली. टाकी कोरडी.

"निघताना कुणीतरी पेट्रोल बघायला पाहिजे होतं," म्हणतो.

मी उतरलो, मागून येणाऱ्या काळीपिवळी जीपला हात केला, आत बसलो आन् खिडकीतून म्हणलं, "गाडी बराबर आहे, साहेब. बसून राहा. कुणीतरी येईलच ना सेट करायला."